कॉमा

कॉमा हा इंग्रजी शब्द मराठी वाचकाला स्वल्पविरामाचे नाव म्हणून परिचित असला, तरी इंग्रजीत तो संगीतशास्त्रात, जंतुशास्त्रात आणि फुलपाखरांच्या नावांतही आढळतो. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘कापलेला तुकडा’. वाक्याच्या छोट्या खंडाला हे नाव असे. पुढे खंड दाखवणाऱ्या चिन्हालाच ते चिकटले. यादीतील अखेरच्या ‘किंवा’पूर्वी कॉमा द्यावा की नाही, हा इंग्रजीतील जुना वाद आहे. अमेरिकेतील मेन राज्याच्या कायद्यात तो नसल्यामुळे दूधगाड्यांच्या चालकांचा जादा कामाच्या वेतनाचा दावा २०१७ मध्ये अपिलात टिकला आणि पुढे ५० लाख डॉलरांवर तडजोड झाली.

पोर्तुगीजमध्ये याच चिन्हाला ‘व्हिर्गुला’, म्हणजे मूळ लॅटिन अर्थाने छोटी काठी, म्हणतात. गोव्यातील पोर्तुगीजकालीन कागदपत्रे वाचणाऱ्याला फरक केवळ नावापुरता ठेवून चालत नाही, कारण त्या पद्धतीत स्वल्पविराम हे दशांशचिन्ह आहे : ‘२,५००’ म्हणजे अडीच. इंग्रजी वळणाच्या डोळ्यांना तेच अडीच हजार दिसतात, आणि जमिनीच्या क्षेत्रफळाबाबत ही गफलत लहान नव्हे.

‘तुकडा’ हा मूळ अर्थ सर्वांत चोख राहिला तो संगीतात. षड्जापासून शुद्ध पंचमाच्या अंतराने बारा पायऱ्या चढल्यास सात सप्तके ओलांडून सुमारे २३.५ सेंटचा तुकडा उरतो (पेटीवरील लगतच्या दोन स्वरांत १०० सेंटचे अंतर असते). हा पायथागोरसचा कॉमा. दुसरा कॉमा ८१:८० या गुणोत्तराचा, सुमारे २१.५ सेंटचा असून आपल्या श्रुतींच्या, म्हणजे सूक्ष्म स्वरांतरांच्या, चर्चेत त्यालाच प्रमाणश्रुती म्हणतात. गोव्यातील देवळांतल्या बैठकीत तानपुऱ्याशेजारी पेटी वाजते, तेव्हा समान अंतरांवर लावलेल्या पेटीचा शुद्ध गांधार तानपुऱ्यातून उमटणाऱ्या स्वयंभू गांधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा असतो. म्हणजे प्रमाणश्रुतीच्या जवळपास दोन-तृतीयांश. तयार कानाला एवढे खटकण्यास पुरेसे होते.

जीवशास्त्रातील उपयोग मात्र चिन्हाच्या आकारावरून आले. रॉबर्ट कॉख यांनी १८८४ मध्ये कलकत्त्यात पटकीच्या रुग्णांत पाहिलेल्या वाकड्या जंतूला कॉमा-जंतू म्हटले गेले, तर कॉमा नावाच्या फुलपाखराच्या मागील पंखाखाली तशाच आकाराची पांढरी खूण असते. बेशुद्धीचा ‘कोमा’ गाढ झोपेच्या वेगळ्याच ग्रीक शब्दापासून आलेला आहे.