लेझर + आर्क म्हणजे डबल हीट? नाही हो!

वेल्डिंगवाल्यांच्यात एक समज वर्षानुवर्षं फिरतोय, की लेझर आणि आर्क (धातू वितळवणारा विजेचा झोत) एकाच जागी लावले की दोघांची उष्णता जोडली जाते आणि पत्रा जास्त वाकतो. ऐकायला पटतं, पण खरं नेमकं उलटं आहे.

नुसत्या मिगमध्ये (वायर वितळवत जाणारं आर्क वेल्डिंग) खोलवर जायचं तर हळू चालावं लागतं, जाड प्लेटला तर चॅम्फर मारून (कडा तिरक्या कापून) तीन-चार पास (एकावर एक वेल्डचे थर) द्यावे लागतात, आणि प्रत्येक पासला प्लेट परत तापते, खरं वाकणं तिथून येतं. हायब्रिडमध्ये, म्हणजे लेझर आणि मिग एकत्र लावले की, लेझर धातूत बारीक खोल भोक पाडत पुढे जातो आणि मागोमाग मिगची वायर ते भरत जाते, दोघांचा वितळलेल्या धातूचा रस एकच. स्पीड इतका वाढतो की दर मीटरला जाणारी उष्णता मिगपेक्षा कमीच पडते. शिवाय लेझरमुळे उठलेल्या धातूच्या वाफेतून आर्कला सोपी वाट मिळते, म्हणून तो वेगातही भरकटत नाही, ही गोष्ट मला सगळ्यात भारी वाटते! संशोधक विल्यम स्टीन यांनी लंडनच्या इंपिरियल कॉलेजात १९७०च्या दशकाच्या शेवटी हेच दाखवलं होतं, म्हणजे हे तंत्र नवीन वगैरे अजिबात नाही.

मग नुसता लेझर का नको? कारण त्याला फिटअप (दोन तुकड्यांची जुळणी) एकदम टाइट लागतं, थोडी फट राहिली की किरण आरपार. ती फट वायर भरते. जर्मनीत पापेनबुर्गच्या मायर वेर्फ्ट शिपयार्डात क्रूझ जहाजांचे लांबलचक डेक पॅनल असेच जोडतात, ते सपाट राहावेत म्हणूनच.