गाडी चालवण्यास अपात्र ठरलेल्या कर्मचाऱ्याची नोकरी: हक्क, अर्ज आणि कागदपत्रे

चालकाची नजर कमी झाली, त्याला फिट आली किंवा हृदयविकाराचे निदान झाले, की त्याला तातडीने गाडीवरून उतरवले जाते आणि त्यानंतर अनेकदा नोकरीच संपल्यासारखे सगळे वागू लागतात. वास्तविक ‘हा माणूस गाडी चालवण्यास योग्य आहे का’ आणि ‘हा माणूस सेवेत राहू शकतो का’ हे दोन निरनिराळे प्रश्न आहेत, आणि भारतीय कायदा त्यांची उत्तरे निरनिराळ्या ठिकाणी देतो. पहिल्याचे उत्तर मोटार वाहन अधिनियम, १९८८ मध्ये आहे आणि दुसऱ्याचे मुख्यतः दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये. ही माहिती प्रामुख्याने दुसऱ्या प्रश्नाविषयी आहे, कारण कर्मचाऱ्याचे नुकसान बहुधा तिथेच होते.

गाडी चालवण्यापुरते बोलायचे तर व्यवस्थापनाची चिंता रास्त असते आणि तिला विरोध करण्यात अर्थ नाही. आजारामुळे आपल्या गाडी चालवण्याने लोकांना धोका होऊ शकतो हे माहीत असूनही सार्वजनिक ठिकाणी वाहन चालवणे हा मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १८६ खाली दंडनीय गुन्हा आहे. अनुज्ञप्तीसाठी (वाहन चालवण्याच्या लायसन्ससाठी) भरावयाच्या नमुना १ मधील स्वयंघोषणापत्रात अपस्मार, अचानक शुद्ध हरपणे, रंगांधत्व आणि रातांधळेपणा यांविषयी थेट प्रश्न विचारलेले असतात. तेव्हा आजार लपवून स्टिअरिंग हातात ठेवण्यापेक्षा तो लेखी कळवून पर्यायी काम मागणे, हेच कर्मचाऱ्याच्या हिताचे असते.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाचे कलम २०(४) असे सांगते की सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला कोणत्याही शासकीय आस्थापनेने सेवेतून कमी करू नये किंवा त्याची पदावनती करू नये. तो जुन्या पदासाठी योग्य राहिला नसेल तर त्याच वेतनश्रेणीत आणि त्याच सेवालाभांसह त्याला दुसऱ्या पदावर नेमावे, आणि असे पद उपलब्ध नसेल तर ते मिळेपर्यंत किंवा सेवानिवृत्तीच्या वयापर्यंत, यांपैकी जे आधी येईल तोवर, त्याला अधिसंख्य (मंजूर संख्येपेक्षा जादा निर्माण केलेल्या) पदावर ठेवता येते. ‘शासकीय आस्थापना’ या संज्ञेत केवळ मंत्रालय किंवा जिल्हाधिकारी कार्यालय येत नाही. कायद्याने स्थापन झालेली महामंडळे, स्थानिक स्वराज्य संस्था, शासकीय कंपन्या आणि शासनाच्या मालकीच्या, नियंत्रणाखालील किंवा अनुदानित संस्थाही येतात. त्यामुळे एसटीचा चालक, महापालिकेच्या परिवहन उपक्रमातील चालक आणि शासकीय रुग्णवाहिकेवरील नियमित चालक हे सर्व या संरक्षणाचा दावा करू शकतात. मात्र एखाद्या आस्थापनेला कामाच्या स्वरूपामुळे अधिसूचनेद्वारे या कलमातून सूट देण्याचा अधिकार शासनाला आहे, म्हणून आपल्या आस्थापनेबाबत तशी अधिसूचना आहे का, हे आधी विचारून घ्यावे.

पात्रतेबाबत सर्वांत जास्त घोळ टक्केवारीवरून होतो. आरक्षणासारख्या लाभांसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागते हे खरे, परंतु कलम २०(४) मध्ये ही अट लिहिलेली नाही. दुसरी अडचण अधिनियमाच्या अनुसूचीची आहे. तिच्यात अंधत्व, अल्पदृष्टी, श्रवणदोष, चलनविषयक (हालचालींचे) दिव्यांगत्व, पार्किन्सन्स असे २१ प्रकार आहेत, पण मधुमेह किंवा रंगांधत्व यांची नावे तिच्यात नाहीत. म्हणून अशा कर्मचाऱ्याने हात टेकावेत असे नाही. तेलंगणातील राज्य परिवहन महामंडळाच्या एका चालकाला रंगांधत्वामुळे २०१६ मध्ये घरी बसवण्यात आले होते. रंगांधत्व कायद्याच्या यादीत नसतानाही, महामंडळ आणि कामगार संघटना यांच्यातील जुन्या कराराचा आधार घेऊन सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये त्याला त्याच वेतनश्रेणीत पर्यायी पद देण्याचा आदेश दिला, आणि पर्यायी कामाचा शोधच न घेतल्याबद्दल महामंडळाला दोष दिला. मधल्या काळाच्या थकबाकीपैकी मात्र त्याला २५ टक्केच मिळाले. आपल्या आस्थापनेचे सेवा विनियम आणि वेतनकरार यांत ‘पर्यायी नेमणूक’ किंवा ‘हलके काम’ याविषयी कलम आहे का, हे संघटनेच्या कार्यालयात जाऊन पाहणे म्हणूनच आवश्यक ठरते.

खासगी आस्थापनेतील कर्मचाऱ्याची बाजू याहून कमकुवत आहे, हे स्पष्ट सांगितलेले बरे. कलम २०(४) त्याला लागू होत नाही. कलम ३ खालील भेदभावाविरुद्धचे संरक्षण, प्रत्येक आस्थापनेने प्रसिद्ध करावयाचे समान संधी धोरण आणि नेमणुकीच्या अटी यांवरच त्याला भर द्यावा लागतो. ज्याच्या कामात गाडी चालवणे हा दुय्यम भाग आहे, उदाहरणार्थ विक्री प्रतिनिधी किंवा साइटवर फिरणारा अभियंता, त्याची मागणी त्यातल्या त्यात भक्कम असते, कारण प्रवासाची दुसरी सोय केली की त्याचे मूळ काम पूर्ववत चालू राहते.

अर्जापूर्वीची महत्त्वाची पायरी वैद्यकीय तपासणीची आहे. व्यवस्थापन आपल्या वैद्यकीय अधिकाऱ्याकडे किंवा शासकीय रुग्णालयातील वैद्यकीय मंडळाकडे पाठवते, आणि तेथून येणाऱ्या एका ओळीवर पुढचे सगळे अवलंबून असते. प्रमाणपत्रावर नुसते ‘कामास अपात्र’ असे लिहिलेले असेल तर त्याचा अर्थ कोणत्याच कामास अपात्र असा लावला जातो आणि प्रकरण वैद्यकीय कारणास्तव निवृत्तीकडे सरकते. त्याऐवजी ‘अवजड प्रवासी वाहन चालवण्यास अपात्र, बसून करावयाच्या कामास पात्र’ असे स्पष्ट लिहून देण्याची विनंती मंडळासमोर हजर होतानाच लेखी करावी. मंडळाच्या अहवालाची प्रत मागून घ्यावी, आणि निष्कर्ष मान्य नसेल तर फेरतपासणीचा अर्ज करावा. याच टप्प्यावर ‘स्वेच्छानिवृत्ती घ्या, लवकर पैसे मिळतील’ असा सल्ला हमखास मिळतो. स्वतःच्या सहीने दिलेला राजीनामा किंवा स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज नंतर मागे घेणे फार कठीण असते, म्हणून हक्क पूर्ण समजून घेतल्याशिवाय अशा कागदावर सही करू नये.

पर्यायी नेमणुकीचा अर्ज नियुक्ती प्राधिकाऱ्याच्या नावे करावा आणि तो आगार व्यवस्थापक किंवा कार्यालयप्रमुख यांच्यामार्फत द्यावा. अर्जात आजाराचा संपूर्ण इतिहास लिहिण्याची गरज नाही. गाडी चालवण्यावर आलेली मर्यादा, ती कधीपासून आहे, कोणती कामे करता येतील आणि आपण कलम २०(४) व सेवा विनियम यांखाली मागणी करत आहोत, एवढे पुरे. गाडीवरून उतरवल्याच्या दिवसापासूनचा काळ विनावेतन रजा न धरता कर्तव्यकाळ धरावा, ही मागणी त्याच अर्जात असावी. सोबत नेमणूक आदेश, वैद्यकीय मंडळाचा अहवाल, उपचारांचे निवडक कागद, अनुज्ञप्तीची प्रत, शेवटची वेतनचिठ्ठी आणि शैक्षणिक पात्रतेची प्रमाणपत्रे जोडावीत. शैक्षणिक कागद अनावश्यक वाटतात, पण लिपिक, भांडारातील काम किंवा वाहतूक नियंत्रण यांपैकी कोणते पद देता येईल हे त्यांच्यावरूनच ठरते. दिव्यांगत्व प्रमाणपत्र असल्यास तेही जोडावे. नसल्यास केंद्र शासनाच्या ‘स्वावलंबन’ पोर्टलवर आधार, छायाचित्र आणि वैद्यकीय कागदपत्रांसह अर्ज करून रुग्णालयातील तपासणीनंतर ते मिळवता येते. अर्ज दिल्यावर दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, दिनांक आणि शिक्का घ्यावाच. शिक्का मारण्यास टाळाटाळ झाली तर अर्ज स्पीड पोस्टने पाठवून पावती जपून ठेवावी.

अनुज्ञप्तीचा प्रश्न परिवहन कार्यालयात स्वतंत्रपणे चालतो. आजारामुळे चालक अयोग्य झाला असे मानण्यास रास्त कारण असल्यास मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १६ खाली प्राधिकारी नमुना १-अ मधील वैद्यकीय प्रमाणपत्र मागू शकतो किंवा अनुज्ञप्ती रद्द करू शकतो. रद्द करण्याचा आदेश कारणांसह लेखी असावा लागतो आणि त्याविरुद्ध कलम १७ प्रमाणे ३० दिवसांत अपील करता येते.

व्यवस्थापनाने उत्तर दिले नाही किंवा मागणी फेटाळली, तर शासकीय आस्थापनेत दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाच्या कलम २३ खाली नेमलेल्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे तक्रार करावी. तक्रारीची नोंद झाल्यापासून दोन आठवड्यांत तिची चौकशी व्हावी असे कायदा सांगतो. कार्यवाहीने समाधान न झाल्यास जिल्हास्तरीय समितीकडे जाता येते, तसेच राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडेही दाद मागता येते. महाराष्ट्रात हे आयुक्तालय पुण्यात आहे. आयुक्तांच्या शिफारशीवर केलेली कार्यवाही, किंवा ती न स्वीकारल्यास त्याची कारणे, आस्थापनेने तीन महिन्यांत कळवायची असतात. तेवढ्यानेही काम झाले नाही, तर संविधानाच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात रिट याचिका दाखल करता येते, आणि तेथे वैद्यकीय मंडळाचा अहवाल व शिक्का मारलेला पहिला अर्ज हे दोन कागद सर्वांत आधी मागितले जातात.