अफू सुटल्यावर अंगावर काटा का येतो?

अफू, मॉर्फिन किंवा हेरॉइनच्या तावडीत सापडलेला माणूस सुरुवातीला सुखासाठी डोस घेतो. पुढे सुख फारसं उरत नाही. सकाळी उठून चारचौघांसारखं चालता-बोलता यावं, एवढ्यासाठीच तो घेत राहतो.

अफूतला मुख्य घटक असलेलं मॉर्फिन मेंदूत नेमकं कुठे बसतं, हे कळायला १९७३ साल उजाडलं. कँडेस पर्ट आणि सॉलोमन स्नायडर यांनी चेतापेशींवरचे त्याचे खास रिसेप्टर, म्हणजे किल्ली कुलपात बसावी तशा त्याच्या बसण्याच्या जागा, दाखवून दिले. पण एका झाडाच्या चिकासाठी आपल्या मेंदूत आधीपासून जागा राखलेली कशी? दोनच वर्षांत स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबर्डीनला जॉन ह्यूज आणि हॅन्स कोस्टरलिट्झ यांना शरीर स्वतःच बनवत असलेलं एनकेफॅलिन सापडलं. कुलूप आपल्याच वेदनाशामकासाठी घडवलेलं होतं, अफूची किल्ली योगायोगाने त्यात बसली.

मेंदूत डोपामिन हे ओढ लावणारं रसायन सोडणाऱ्या पेशींवर 'गाबा' पेशींचा, म्हणजे 'गाबा' नावाचं शांत करणारं रसायन सोडणाऱ्या पेशींचा, पहारा असतो. मॉर्फिन या पहारेकऱ्यांनाच झोपवतं आणि डोपामिनला मोकळं रान मिळतं. मेंदू नोंद करतो की हे महत्त्वाचं आहे, पुन्हा करायला हवं. त्या नोंदीत ती खोली, ते सोबती, ती सुईही येते. म्हणून वर्षभर कोरडा राहिलेला माणूस जुन्या ठिकाणी गेला की तलफेने कासावीस होतो.

खरी गोम मात्र मेंदूच्या देठातल्या 'लोकस सेरुलियस' नावाच्या लहानशा पुंजक्यात आहे. इथल्या पेशी नॉरअ‍ॅड्रेनॅलिन सोडून शरीराला जागं, सावध ठेवतात. मॉर्फिन त्यांना दडपतं. पेशी गप्प बसत नाहीत. आतली रासायनिक यंत्रणा वाढवून पूर्वीइतकंच काम करू लागतात. बाहेरून कोणी दार रेटत असावं आणि आपण आतून सगळं बळ लावून ते धरून ठेवावं, तसं हे. म्हणूनच तोच डोस पुरेनासा होतो. एके दिवशी डोस चुकतो, बाहेरचा जोर नाहीसा होतो आणि आपण तोंडावर आपटतो. नॉरअ‍ॅड्रेनॅलिनचा पूर येतो. घाम फुटतो, बाहुल्या विस्फारतात, काळीज धडधडतं, झोप उडते, अंगावर सरसरून काटा येतो. हा मनाचा दुबळेपणा म्हणणाऱ्याने एकदा मनाच्या जोरावर अंगावरचा काटा खाली बसवून दाखवावा.

क्लोनिडीन नावाचं औषध हा पूर ओसरायला मदत करतं, पण तलफेचं काय? १९६०च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये व्हिन्सेंट डोल आणि मेरी निस्वांडर या डॉक्टरांनी मेथाडोन हे औषध देऊन पाहिलं. तेही ओपिऑइडच, म्हणजे अफूसारखंच काम करणारं द्रव्य, पण संथ. हेरॉइन काही तासांत उतरतं, त्यामुळे मेंदूला दिवसातून अनेकदा चढउतार सोसावे लागतात. मेथाडोनचा रोजचा एक डोस ती पातळी स्थिर ठेवतो. ब्युप्रेनॉर्फिन हे दुसरं औषध आणखी चतुर आहे. ते रिसेप्टरला घट्ट चिकटतं, पण त्याला अर्धवटच जागं करतं. डोस वाढवला तरी ठरावीक मर्यादेपुढे परिणाम वाढत नाही, त्यामुळे श्वास थांबण्याचा धोका कमी. 'एक व्यसन सोडून दुसरं लावलं' हा आक्षेप मला पटत नाही. अवलंबित्व राहतं हे खरं, पण डोसामागे धावणं थांबतं, माणूस कामाला जातो, आणि मुख्य म्हणजे मरणाची शक्यता घटते.

नाल्ट्रेक्सोन हे औषध तिसऱ्या वाटेने जातं. ते कुलपात बसतं, पण ते उघडत नाही आणि दुसऱ्या किल्लीलाही शिरू देत नाही. ते सुरू करण्याआधी साधारण ७ ते १० दिवस अंगात ओपिऑइड नसावं लागतं, नाहीतर तो काटा दुप्पट जोराने येतो. ही अट पार करणंच अनेकांना जमत नाही.

सर्वांत धोक्याचे दिवस शरीर 'स्वच्छ' झाल्यानंतरचे. सहनशक्ती उतरलेली असते, आठवण मात्र जुन्या डोसाची. तोच डोस घेतला की श्वास चालवणारी केंद्रं थंडावतात. अशा वेळी नॅलॉक्सोन हे उतारा-औषध रिसेप्टरवरून मॉर्फिनला हुसकावून काही मिनिटांत श्वास परत आणतं. मात्र त्याचा असर ३० ते ९० मिनिटांचाच, आणि अंगात गेलेला डोस त्याहून जास्त टिकू शकतो. म्हणून शुद्धीवर आलेल्या माणसाला 'आता बरा आहे' म्हणत एकटं सोडायचं नसतं.