फाउंटन्स ॲबी : गरिबी शोधायला निघाले आणि मेंढ्यांनी श्रीमंत केलं

इंग्लंडच्या यॉर्कशायरमधे रिपनजवळ स्केल नदीच्या काठी फाउंटन्स ॲबी या जुन्या ख्रिस्ती मठाचे अवशेष आहेत. फोटो बघून कुणालाही राजवाडाच वाटेल, पण हे सगळं सुरू झालं ते एका भांडणातून.

११३२ मधे यॉर्कच्या सेंट मेरीज मठातले १३ जण म्हणायला लागले की इथे खाणंपिणं फार चैनीचं झालंय, संत बेनेडिक्टचे नियम कोणी पाळत नाही. प्रकरण हातघाईवर आलं, मग आर्चबिशप थर्स्टननी त्यांना बाहेर काढून ही जागा दिली, तीसुद्धा ऐन डिसेंबरात, काट्याकुट्याची ओसाड दरी. पहिला हिवाळा म्हणे एल्मच्या झाडाखाली काढला. नंतर ते कडक शिस्तीच्या सिस्टर्शियन पंथात गेले.

आता गंमत बघा. पंथाचा नियम असा की गावापासून लांब राहायचं आणि स्वतःच्या कष्टावर जगायचं, मग अशा माळरानावर करणार काय, तर मेंढ्या. शेती-मेंढरं सांभाळायला मठातलेच श्रमिक बंधू, म्हणजे कष्टाची कामं करणारे सदस्य होते, लोकर इटलीच्या व्यापाऱ्यांना जायची, कधीकधी तर पुढच्या काही वर्षांची लोकर आधीच विकून ॲडव्हान्स घेतलेला असायचा. मेंढ्यांत रोग आला की कर्ज डोक्यावर! तरी मठ देशातल्या सगळ्यात श्रीमंत मठांत गेला. श्रमिक बंधूंच्या इमारतीखालचा कमानींचा तळमजला जवळपास ९० मीटर लांब आहे, आजही उभा आहे. पंथाचा साधेपणा पार विसरून मठाधिपती ह्यूबींनी उंच मनोरा बांधला तो १५०० च्या आसपास.

१५३९ मधे आठव्या हेन्रीने मठ बंद केला आणि पुढच्याच वर्षी जागा रिचर्ड ग्रेशम या व्यापाऱ्याला विकून टाकली. छताचं शिसं, काचा, दगड, जे निघेल ते निघालं, शेजारचं फाउंटन्स हॉल हे मोठं घर तर याच दगडांतून उभं राहिलं.

मग येतो जॉन एस्लबी, हा अर्थमंत्री, १७२० च्या साउथ सी कंपनीच्या शेअर घोटाळ्यात बदनाम होऊन संसदेतून हाकलला गेला आणि शेजारच्या स्टडलीत येऊन बागेत रमला. त्याच्या मुलाने १७६७ मधे अवशेष विकत घेतले, कशासाठी, तर बागेतून दिसणारा देखावा पूर्ण व्हावा म्हणून. १९८६ मधे युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत नाव लागलं त्यातही आधी बाग आहे, ‘अवशेषांसह’ हे मागून.