स्टिकी हेडर चिकटत का नाही? फिक्स्ड आणि स्टिकीचा जुनाच घोळ

साखळी ठरलेली असते. पान सरकलं तरी हेडर, म्हणजे माथ्यावरची मेनूची पट्टी, दिसत राहावी म्हणून सीएसएसमध्ये (पानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेत) तिला पोझिशन: स्टिकी लावलं, चिकटला नाही. म्हणून फिक्स्ड केलं. आता पहिला मजकूर हेडरखाली गेला. बॉडीला ६४ पिक्सेलचं वरचं पॅडिंग दिलं. मोबाइलवर मेनू दोन ओळींत मोडला, हेडर उंच झाला आणि मथळा परत अर्धा झाकला गेला. मग मीडिया क्वेरी (पडद्याच्या मापानुसार वेगळा नियम), मग इम्पॉर्टंट (बाकी नियमांवर मात करणारा शिक्का), मग झेड-इंडेक्स (कोण कोणाच्या वर दिसेल तो आकडा) ९९९९, आणि शेवटी "ब्राउझरच गंडलाय" असा निकाल. ब्राउझर बिचारा नियमाने वागत असतो. "स्टिकी म्हणजे स्क्रोल केल्यावर चालू होणारा फिक्स्ड" ही डोक्यात बसलेली व्याख्या सगळा घोटाळा करते.

फिक्स्ड बहुतेकांना येतो, त्यामुळे तो उरकून टाकू. फिक्स्ड घटक पानाच्या प्रवाहातून बाहेर पडतो, त्याची जागा रिकामी राहत नाही, खालचा मजकूर वर सरकतो आणि घटक ब्राउझरच्या खिडकीच्या मापाने टॉप, लेफ्ट वगैरे घेऊन बसतो. पान कितीही सरको, तो जागचा हलत नाही. याला एक अपवाद आहे, त्याबद्दल पुढे.

फिक्स्ड म्हणजे वेगळं बिऱ्हाड थाटलेला मुलगा. स्टिकी एकत्र कुटुंबात राहणारा. त्याची खोली घरात राखलेली असते, पण उंबरा ओलांडायची त्याला मुभा नाही. यातलं पहिलं सगळ्यांना कळतं: स्टिकी आपली जागा धरून ठेवतो, म्हणून पॅडिंगचा जुगाड लागत नाही. घोळ दुसऱ्यात आहे. स्टिकीवर एक नाही, दोन चौकटींची सत्ता चालते. एक चौकट सांगते कशाला चिकटायचं. दुसरी सांगते कुठवर.

कुठवर, हे ठरवतो त्याचा थेट पालक. पालकाचा तळ वर आला की तो स्टिकीलाही ओढत घेऊन जातो. कशाला, हे ठरवतो पूर्वजांपैकी, म्हणजे त्याला वेढणाऱ्या चौकटींपैकी, सगळ्यात जवळचा स्क्रोल-कंटेनर (आतला मजकूर सरकवू शकणारी चौकट). असा एकही पूर्वज नसेल तरच ते काम खिडकीकडे जातं.

म्हणून तक्रार ऐकताना मी आधी एकच विचारतो: अजिबात चिकटत नाही, की थोडा वेळ चिकटून मग निघून जातो? थोडा वेळ चिकटून गेला, तर पालकाची उंची तपासा. अजिबात चिकटत नसेल, तर बहुतेक वेळा वर कुठेतरी ओव्हरफ्लो (चौकटीबाहेर सांडणाऱ्या मजकुराचं काय करायचं तो नियम) लावलेला सापडतो. (टॉप: ० लिहायलाच विसरलं असेल तर तेही पाहून घ्या. टॉप, बॉटम, लेफ्ट, राइट यांपैकी एकही किंमत दिली नसेल, तर स्टिकी साध्या रिलेटिव्हसारखा पडून राहतो.)

आता तो ओव्हरफ्लो. पान मोबाइलवर आडवं हलतंय अशी तक्रार येते. कुणीतरी वरच्या रॅपरला (सगळ्याला गुंडाळणाऱ्या चौकटीला) ओव्हरफ्लो-एक्स: हिडन लावतो, म्हणजे आडवं बाहेर जाणारं झाकून टाकतो. आडवं हलणं थांबतं, तक्रारीचं टिकेट बंद. त्याच क्षणी हेडरचं चिकटणंही मेलेलं असतं, पण ते चार दिवसांनी वेगळ्याच माणसाच्या लक्षात येतं, आणि तो हेडरच्या सीएसएसमध्ये डोकं आपटत बसतो. दोष तिथे नसतोच.

"पण मी फक्त एक्सला हिडन दिलंय, उभ्या स्क्रोलशी त्याचा काय संबंध?" हा प्रश्न दर वेळी येतो. संबंध असा: एका अक्षाला हिडन, ऑटो किंवा स्क्रोल दिलं, की दुसऱ्या अक्षावरचं व्हिजिबल (मोकळं सांडू द्या) आपोआप ऑटो (गरज पडली तर सरकवा) होतं. हे स्पेसिफिकेशनमध्येच आहे, ब्राउझरची मर्जी नाही. म्हणजे तुम्ही एक्सला हिडन लिहिता आणि वायला ऑटो फुकटात मिळतं. रॅपर आता दोन्ही अक्षांवर स्क्रोल-कंटेनर झाला. स्टिकी हेडर इमानदारीत त्याच्या वरच्या कडेला चिकटायला बघतो. पण रॅपरची उंची आतल्या मजकुराएवढीच, त्यामुळे त्याच्या आत सरकायला काही नाहीच. सरकतं ते पान, आणि रॅपर हेडरला कडेवर घेऊन निघून जातो.

यात छळणारी गोष्ट म्हणजे शांतता. कन्सोलमध्ये लाल ओळ नाही. ब्राउझरच्या इन्स्पेक्टरमध्ये (घटकांचं सीएसएस दाखवणाऱ्या साधनात) पोझिशन: स्टिकी अगदी ठसठशीत, कुठेही काट मारलेली नाही. फिक्स्ड चुकला की डोळ्यांना दिसतो, स्टिकी चुकला की जणू लिहिलाच नव्हता. तेव्हा हेडरकडे बघत बसू नका. इन्स्पेक्टरमध्ये हेडर निवडा, मग त्याचा पालक, मग त्याचा पालक, असं एकेक पायरी वर चढा आणि प्रत्येकाच्या कॉम्प्युटेड टॅबमध्ये ओव्हरफ्लो शोधा. स्टाइल्स टॅबमध्ये नव्हे, कॉम्प्युटेडमध्येच, कारण ते फुकटचं ऑटो तुम्ही लिहिलेल्या सीएसएसमध्ये दिसणारच नाही. व्हिजिबल सोडून पहिलं हिडन, ऑटो किंवा स्क्रोल जिथे सापडेल तो तुमचा गुन्हेगार. चेकबॉक्स काढून ती ओळ बंद करा, पान सरकवून बघा. हेडर चिकटला की खटला संपला.

याचाच एक लबाड भाऊबंद आहे: एचटीएमएल आणि बॉडी या पानाच्या सगळ्यात बाहेरच्या दोन्ही घटकांना एका दमात दिलेलं ओव्हरफ्लो-एक्स: हिडन. एरवी एकट्या बॉडीला दिलेलं ओव्हरफ्लो ब्राउझर उचलून खिडकीला लावतो, बॉडी मोकळी राहते आणि स्टिकी चालतो. पण एचटीएमएललाही दिलं, तर खिडकीसाठी एचटीएमएलचं उचललं जातं आणि बॉडीचं बॉडीकडेच राहतं. झाली बॉडी स्क्रोल-कंटेनर. म्हणून "माझ्या दुसऱ्या साइटवर हेच चालतं" असं वाटतं; तिथे ती ओळ एकट्या बॉडीवर असते. कुठल्याशा जुन्या उत्तरातून उचललेली ही जोड-ओळ अजून टेम्प्लेटांमधून फिरते आहे.

उपाय दोन. झटपट उपाय म्हणजे हिडनच्या जागी क्लिप. ओव्हरफ्लो-एक्स: क्लिप कापतो, पण स्क्रोल-कंटेनर बनवत नाही आणि वायचं व्हिजिबल तसंच राहू देतो. फायरफॉक्समध्ये तो २०२०पासून, क्रोममध्ये २०२१पासून आणि सफारीत १६व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२२पासून आहे. खरा उपाय म्हणजे बाहेर काय जातंय ते शोधणं, आणि तो करायचा कंटाळा लोकांना का येतो हे मला कळलेलं नाही. संशयित मोजकेच असतात. कुणीतरी रुंदी १०० व्हीडब्ल्यू (खिडकीची पूर्ण रुंदी) दिलेली असते, ज्यात विंडोजवरच्या उभ्या स्क्रोलबारची रुंदीही धरली जाते. बूटस्ट्रॅप या तयार सीएसएस-संचातली रो (आडवी ओळ) तिच्या कंटेनरशिवाय वापरलेली असते आणि तिचं उणं मार्जिन दोन्ही बाजूंनी बाहेर येतं. किंवा मजकुरात न तुटणारा लांबलचक पत्ता असतो, त्याला ओव्हरफ्लो-रॅप: एनीव्हेअर पुरतं. ओव्हरफ्लो-एक्स: हिडन हे मलम आहे, आणि मलम लावून हाड जुळत नाही.

आता दुसरं लक्षण: थोडा वेळ चिकटतो आणि जातो. एचटीएमएल आणि बॉडीला हाइट: १००% दिलेली असेल तर बॉडी एका पडद्याएवढीच उंच राहते, मजकूर तिच्या खाली सांडतो. हेडरचा पालक बॉडी, म्हणून हेडर साधारण एक पडदाभर साथ देतो आणि बॉडीचा तळ आला की तिच्याबरोबर वर जातो. हाइट काढून मिन-हाइट करा. पेज-बिल्डरने (कोड न लिहिता पान बनवणाऱ्या साधनाने) हेडरभोवती त्याच उंचीचा एक डिव्ह (साधी चौकट) गुंडाळला असेल तर साथ क्षणभरही मिळत नाही, कारण पालकात सरकायला जागाच नाही. तिथे स्टिकी आतल्या हेडरला न देता बाहेरच्या डिव्हला द्या. साइडबारचं दुखणं वेगळं दिसतं, पण मूळ तेच. फ्लेक्स किंवा ग्रिड या सीएसएसच्या मांडण्यांमध्ये साइडबार शेजारच्या मजकुराएवढा ताणला जातो, सगळी उंची स्वतःच खातो आणि सरकायला काही उरत नाही. अलाइन-सेल्फ: स्टार्ट, एवढी एकच ओळ.

फिक्स्डचा तो अपवाद आता. एखाद्या पूर्वजावर ट्रान्सफॉर्म, फिल्टर, पर्स्पेक्टिव्ह किंवा बॅकड्रॉप-फिल्टर असेल, तर फिक्स्ड घटक खिडकी सोडून त्या पूर्वजाच्या मापाने बसतो. हल्ली याचा हमखास बळी म्हणजे मोबाइलचा मेनू. हेडरला धुरकट काचेसारखा दिसावा म्हणून बॅकड्रॉप-फिल्टर लावलेला असतो, आणि पडदाभर उघडणारा मेनू त्या हेडरच्या आतच असतो. टॉप ०, बॉटम ० देऊनही मेनू हेडरच्या पट्टीएवढाच उघडतो, पहिला दुवा दिसतो न दिसतो, बाकी गायब. त्यावर १०० व्हीएच (खिडकीची पूर्ण उंची) ठोकून वेळ मारून नेणारे पाहिले आहेत; उद्या हेडरच्या वर एखादी सूचनेची पट्टी आली की तेही सरकतं. मेनू हेडरच्या बाहेर काढा, नाहीतर धुरकटपणा हेडरच्या बिफोर या स्यूडो-घटकावर (सीएसएसनेच बनवलेल्या जादा घटकावर) लावा.

झेड-इंडेक्सबद्दल दोनच वाक्यं. फिक्स्ड आणि स्टिकी दोघेही आपापला स्टॅकिंग कॉन्टेक्स्ट (आतल्यांची वर-खाली रचना आतच ठेवणारा गट) बनवतात, त्यामुळे आतल्या ड्रॉपडाउनला ९९९९ देऊन तो बाहेरच्या, झेड-इंडेक्स १०३० असलेल्या घटकाच्या वर येत नाही. बाहेरच्या दोघांची तुलना करा.

पानातल्या दुव्यावर क्लिक केलं की मथळा हेडरखाली लपतो, हे दोघांच्याही बाबतीत होतं. त्यासाठी मथळ्याच्या आधी रिकामे स्पॅन घालणं बंद करा. एचटीएमएलला स्क्रोल-पॅडिंग-टॉप द्या, हेडरच्या उंचीपेक्षा थोडं जास्त. शिफ्ट-टॅबने मागे जाणाऱ्या माणसाचा फोकसही त्यामुळे हेडरमागे दडत नाही, आणि ऑक्टोबर २०२३मध्ये आलेल्या डब्ल्यूसीएजी २.२ या सुलभतेच्या नियमावलीला एए पातळीवर नेमकं हेच हवं आहे: फोकस मिळालेला घटक पूर्ण झाकला जाऊ नये.

जावास्क्रिप्टने स्क्रोल ऐकून क्लास बदलण्याची पद्धत एकेकाळी नाइलाज होती. सफारीने स्टिकी २०१३मध्ये उपसर्गासह आणला, फायरफॉक्सने २०१४मध्ये, पण क्रोममध्ये तो पक्का आला २०१७च्या सुरुवातीला. बूटस्ट्रॅप ३मध्ये त्याच कामासाठी अफिक्स नावाचा प्लगइन होता, चौथ्या आवृत्तीत तो काढून टाकला. आज एका साध्या हेडरसाठी स्क्रोल-लिसनर लिहिणं म्हणजे हौस.

मग कोणता वापरायचा? साइटच्या हेडरला, साइडबारला, यादीतल्या अक्षर-मथळ्यांना स्टिकी. माझं याबाबतीत दुमत नाही, आणि मराठी साइटवर तर मुळीच नाही. "मुख्यपृष्ठ, आमच्याविषयी, छायाचित्र दालन, संपर्क" हा मेनू अरुंद पडद्यावर दोन ओळी घेतोच. वेलांट्या-मात्रांमुळे ओळीची उंची जास्त ठेवावी लागते. शिवाय "मुक्त" किंवा "नोटो"सारखा देवनागरी फाँट उशिरा उतरला की हेडरची उंची डोळ्यांदेखत बदलते. फिक्स्ड हेडरचं ६४ पिक्सेलचं पॅडिंग या तिन्हींपुढे टिकत नाही. स्टिकी आपली जागा स्वतः धरतो, उंची बदलली तर मजकूर आपोआप खाली जातो. फिक्स्ड ठेवा तो पानाशी नातं नसलेल्या गोष्टींना: चॅटचं बटण, कुकीची पट्टी, मोडलमागचा (पानावर उघडणाऱ्या चौकटीमागचा) काळा पडदा. आणि फोन आडवा धरल्यावर पडद्याची उंची ३६०च्या आसपास उरते. तिथे १२० पिक्सेलचा हेडर चिकटवून ठेवणं हा वाचकाचा अपमान आहे. कमी उंचीसाठी मीडिया क्वेरी लिहून त्याला स्टॅटिक (साधा, न चिकटणारा) करा.

एका जागी मात्र स्टिकीचा नियम मुकाट्याने मान्य करावा लागतो: लांबरुंद तक्ते. बाजारभावाचा पंधरा स्तंभांचा तक्ता मोबाइलवर आडवा सरकायला हवा, म्हणून तो बूटस्ट्रॅपच्या टेबल-रिस्पॉन्सिव्हमध्ये गुंडाळला जातो. तो ओव्हरफ्लो-एक्स: ऑटो लावतो, म्हणजे वर सांगितलेलाच स्क्रोल-कंटेनर, आणि शीर्षकाची ओळ पानाच्या वरच्या कडेला चिकटणं बंद. इथे क्लिप चालणार नाही, कारण आडवं सरकणं हवंच आहे. रॅपरला ७० व्हीएचची कमाल उंची देऊन तक्ता त्याच्या आतच उभाही सरकू द्या, आणि स्टिकी प्रत्येक टीएचला (शीर्षकाच्या खान्याला) द्या, पार्श्वभूमीच्या रंगासकट. बॉर्डर-कोलॅप्स: कोलॅप्स असेल तर चिकटलेल्या ओळीच्या रेघा खाली राहून जातात, सेपरेट करून बॉर्डर-स्पेसिंग शून्य ठेवा.

हाच तक्ता कुणी छापायला गेलं, तर फिक्स्ड हेडर प्रत्येक कागदावर उमटतो आणि दर पानाच्या पहिल्या एक-दोन ओळी झाकतो. प्रिंटच्या मीडिया क्वेरीत हेडरला पोझिशन: स्टॅटिक द्या, आणि तक्त्याच्या रॅपरची कमाल उंची नन करून ओव्हरफ्लो व्हिजिबल करा, नाहीतर कागदावर तक्त्याचा एक तुकडाच येईल.