व्हॉल्व्हचा रेडिओ आणि नाशिक : जुन्या पेटीमागचा इतिहास

जुन्या नाशकातील वाडे एकेक करून उतरवले जात आहेत, तसतसे त्यांतील सामान जुन्या बाजारात आणि भंगारवाल्यांच्या हातगाड्यांवर येऊ लागले आहे. पितळी समया, तांब्याची घंगाळी आणि सागवानी झोपाळे यांना लगेच गिऱ्हाईक मिळते. व्हॉल्व्हच्या रेडिओला मात्र सहसा कुणी हात लावीत नाही. तो जड असतो, वर्षानुवर्षे बंद असतो, आणि बटण दाबले तर आवाज येईल की धूर निघेल याची खात्री नसते. त्यातही दिवाणखान्यात जमिनीवर उभा राहणारा, कपाटाएवढा संच असेल तर विचारायलाच नको. आपल्याकडे असे संच बहुधा खाली रेडिओ आणि वरच्या झाकणाखाली तबकडी, अशा जोड स्वरूपात येत आणि त्यांना रेडिओग्राम म्हणत. अलीकडे असे संच पुन्हा बोलते करण्याची हौस काही जणांना लागली आहे. हे काम हाती घेणाऱ्याला पहिल्याच दिवशी एक प्रश्न पडतो : संच ‘मूळ स्थितीत’ आणायचा म्हणजे नेमका कोणत्या वर्षीच्या स्थितीत? त्याचे उत्तर पेटीच्या आत सापडते, पण ते वाचण्यासाठी थोडा मागचा इतिहास ठाऊक असावा लागतो.

निर्वात नळीचा, म्हणजेच व्हॉल्व्हचा, शोध १९०४ सालचा. जॉन फ्लेमिंग यांनी दोन अग्रांची (इलेक्ट्रोडची) नळी तयार केली. १९०६ मध्ये ली डी फॉरेस्ट यांनी तिच्यात जाळीचे तिसरे अग्र घातले आणि क्षीण संकेत मोठा करण्याची वाट उघडली. १९१८ मध्ये एडविन आर्मस्ट्राँग यांनी सुपरहेटरोडाइन पद्धत मांडली. या पद्धतीत कोणतेही स्टेशन लावले तरी त्याची लहर संचाच्या आत एकाच ठरावीक कंप्रतेवर आणली जाते आणि तेथेच ती निवडून मोठी केली जाते. आपल्याकडच्या बहुतेक घरगुती संचांत ही आतली कंप्रता ४५५ किलोसायकलच्या आसपास असते. नाशिकच्या दिवाणखान्यात पोहोचलेले जवळजवळ सर्व संच याच पद्धतीचे आहेत, त्यामुळे एका संचाचे काम नीट समजले की दुसऱ्याच्या चासीवर (सारे भाग बसवलेल्या धातूच्या सांगाड्यावर) हात चाचपडत नाही.

प्रसारणाचा इतिहास मात्र इतका सरळ नाही. २३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या मुंबई केंद्राचे उद्घाटन झाले. त्याची ताकद होती १.५ किलोवॉट. मधे सह्याद्री आणि पावणेदोनशे किलोमीटरचे अंतर असताना एवढ्याशा ताकदीत दिवसा नाशकात काय ऐकू येणार? मध्यम लहरी दिवसा जमिनीलगत सरकतात आणि डोंगराळ, कोरड्या जमिनीवर लवकर विरतात. सूर्य मावळल्यावर वातावरणाच्या वरच्या थरांवरून परावर्तित होऊन त्याच लहरी दूरवर जातात. म्हणून नाशिकसारख्या गावी रेडिओ हे बराच काळ दिवेलागणीनंतरचे साधन राहिले. व्हॉल्व्हच्या साऱ्या जमान्यात शहराला स्वतःचे केंद्र नव्हते. लांबलचक एरियल, चांगली अर्थिंग आणि लघुलहरींचा पट्टा असलेला महागडा संच येथे चैन म्हणून नव्हे, तर गरज म्हणून घेतला जाई, असे मला वाटते. तांब्याच्या तारांची विणलेली, फितीसारखी चपटी एरियल भिंतीपासून भिंतीपर्यंत ताणलेली असे. तिचे चिनीमातीचे गुटके काही माळवदांखाली अजूनही लटकताना दिसतात.

रेडिओ बाळगायला परवाना लागे. १९२७ साली त्याची वार्षिक फी १० रुपये होती आणि सारा व्यवहार टपाल खात्यामार्फत चाले. संचाबरोबर एखादे जुने परवाना-पुस्तक मिळाले तर ते टाकू नये. त्यावरील टपालाच्या शिक्क्यांवरून संच कोणत्या वर्षी कोणत्या गावी होता हे कळते आणि संच बनवणाऱ्या कंपनीच्या पट्टीवर न सापडणारी तारीख तेथे सापडते. टपाल तिकिटांच्या छपाईसाठी देशभर ओळखल्या जाणाऱ्या नाशिकरोडच्या गावात अशी शिक्क्यांची पुस्तके रद्दीत जावीत, याची गंमत वाटते आणि खेदही. पुढे १९८० च्या दशकात परवान्याची अटच काढून टाकण्यात आली.

परवानाधारक काही हजारांच्या पुढे सरकेनात, तेव्हा इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी तोट्यात गेली आणि १९३० च्या मार्चमध्ये दिवाळखोरीत निघाली. १ एप्रिल १९३० पासून सरकारने प्रसारण हाती घेतले. पुढच्याच वर्षी पैशांअभावी ते बंद करण्याचा निर्णय झाला आणि लोकांच्या दबावामुळे मागेही घ्यावा लागला. या ओढाताणीत आयात संचांवरील जकात ५० टक्क्यांपर्यंत चढली. जकात वाढूनही विक्री वाढली, कारण १९ डिसेंबर १९३२ रोजी बीबीसीची एम्पायर सर्व्हिस सुरू झाली आणि हिंदुस्थानातल्या गोऱ्या अधिकाऱ्यांना घरचा आवाज लघुलहरींवर ऐकू येऊ लागला. देवळालीसारख्या छावण्यांतला श्रोतृवर्ग नेमका हाच. ८ जून १९३६ रोजी सरकारी सेवेचे नाव ऑल इंडिया रेडिओ झाले. या दशकातील संच आज क्वचितच मिळतात, आणि मिळाले तर स्पीकरमध्ये कायमचा चुंबक नसून विजेवर चालणारी फील्ड कॉइल असते. तीच कॉइल वीजपुरवठ्यातील चोकचेही, म्हणजे विजेतील चढउतार गाळण्याचेही, काम करते. ती जळाली असेल आणि कुणी नवा चुंबकी स्पीकर बसवून मोकळा झाला असेल, तर सारे व्होल्टेज बिघडते. अशा संचात कॉइलइतक्याच रोधाचा जाड रेझिस्टन्स किंवा चोक घातल्याशिवाय गणित जुळत नाही.

दुसऱ्या महायुद्धात आयात आटली आणि बातम्यांची भूक वाढली. १९४२ च्या चळवळीत उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईतून चालवलेले गुप्त काँग्रेस रेडिओ ४२.३४ मीटरवर बोलत असे. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी धाड पडेपर्यंत ते चालले. जुन्या संचाच्या डायलवर ४१ मीटरच्या पट्ट्याजवळ काटा नेला की ती जागा बोटाएवढ्या अंतरात सापडते.

आज नाशकात सापडणारे बहुतेक संच याच्या नंतरचे, म्हणजे १९४८ ते १९६५ च्या दरम्यानचे आहेत. स्वातंत्र्यानंतर आयातीवर बंधने आली आणि संचांची जुळणी देशातच होऊ लागली. फिलिप्सने कलकत्त्यात ती सुरू केली. मर्फीचा कारखाना ठाण्याला होता आणि टाटांच्या नेल्कोची मुळे १९४० च्या नॅशनल एको या कंपनीत होती. व्हॉल्व्ह मात्र बराच काळ बाहेरूनच येत राहिले. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने ते येथे बनवायला १९६१ मध्ये सुरुवात केली. त्यामुळे संचात ‘बीईएल’ छापलेला व्हॉल्व्ह दिसला, पण कॅबिनेट १९५० च्या सुमाराचे असले, तर तो नंतर कुणी बदललेला आहे हे ओळखावे.

व्हॉल्व्हच्या नावातच त्याचा जन्मदाखला असतो. युरोपीय पद्धतीत पहिले अक्षर फिलॅमेंटचे : ‘ई’ म्हणजे ६.३ व्होल्ट, ‘यू’ म्हणजे एकामागोमाग जोडलेल्या फिलॅमेंटची १०० मिलिअँपिअरची माळ, ‘डी’ म्हणजे बॅटरीवर चालणारा. पुढची अक्षरे व्हॉल्व्हचे काम सांगतात. ‘एल’ स्पीकर हलवणारा, ‘झेड’ आणि ‘वाय’ वीज सरळ करणारे, ‘एम’ म्हणजे स्टेशन नेमके लागले की हिरवी पाचर मिटणारा मॅजिक आय. आकड्यांत पिढी कळते : चाळिशीतले आकडे युद्धानंतरच्या आठ पिनांच्या रिमलॉक पिढीचे, ऐंशीतले पन्नाशीच्या दशकातील नऊ पिनांच्या पिढीचे. ईसीएच४२, ईएफ४१, ईएल४१ असा संच आणि ईसीएच८१, ईएफ८९, ईएल८४ असा संच यांत काम तेच, पण मधे काही वर्षांचे अंतर. ‘यू’ मालिकेचे संच एसी आणि डीसी दोन्हींवर चालावेत म्हणून बिनट्रान्सफॉर्मरचे केले गेले, कारण त्या काळी सर्व गावांची वीज एका जातीची नव्हती. त्यांची चासी थेट मेन्सला जोडलेली असते. पाठ उघडून बोट घालणाऱ्याला ही माहिती इतिहासापेक्षा अधिक तातडीची आहे. वीज न पोहोचलेल्या खेड्यांत डीके९६ घराण्याचे व्हॉल्व्ह आणि ९० व्होल्टची कोरडी बॅटरी वापरीत. पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले आणि १९५६ मध्ये त्याने पाच जिल्ह्यांतील सुमारे १५० गावांत शेतकऱ्यांच्या श्रोतृगटांचा प्रयोग केला, तेव्हा गावकरी एका संचाभोवती बसून कार्यक्रम ऐकत आणि मग त्यावर चर्चा करीत.

त्याच दशकात लघुलहरींचे महत्त्व एका वेगळ्याच कारणाने वाढले. पुण्यात जन्मलेले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ मध्ये माहिती व नभोवाणी मंत्री झाले आणि चित्रपटगीतांना आकाशवाणीवर लगाम बसला. श्रोते सरळ सिलोनकडे वळले. आग्नेय आशियातील दोस्त सैन्यासाठीच्या केंद्राचा १०० किलोवॉटचा प्रक्षेपक रेडिओ सिलोनच्या हाती आला होता आणि ते महाराष्ट्रात स्वच्छ लागे. अमीन सायानी यांच्या बिनाका गीतमालेची सुरुवात ३ डिसेंबर १९५२ ची. उत्तर म्हणून आकाशवाणीने ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू केली, तीही आरंभी मुंबई आणि मद्रासच्या लघुलहरी प्रक्षेपकांवरूनच. शास्त्रीय संगीताच्या भल्यासाठी घेतलेल्या निर्णयाने घराघरांतले बँडचे बटण झिजवले, असे गमतीने म्हणता येईल. मी पाहिलेल्या संचांत लघुलहरींच्या बाजूचे संपर्कच अधिक काळवंडलेले आढळले आहेत.

१९६० नंतर ट्रान्झिस्टर आला. तो सेलवर चाले, मळ्यात नेता येई आणि तापण्यासाठी अर्धा मिनिट घेत नसे. व्हॉल्व्हचे संच दिवाणखान्यातून माजघरात, तेथून माळ्यावर गेले. मात्र त्याआधीची दहा-पंधरा वर्षे त्यांना जिवंत ठेवले ते पेठांतील दुरुस्ती करणाऱ्यांनी. मूळ भाग मिळत नसत तेव्हा त्यांनी आठ पिनांचा सॉकेट कापून नऊ पिनांचा बसवला, जळालेला आउटपुट ट्रान्सफॉर्मर हाताने गुंडाळला, तुटलेल्या डायलदोरीच्या जागी मासेमारीची दोरी घातली. तांबट आळीच्या गावाला डाखाचे काम नवे नव्हते.

या साऱ्याचा परिणाम आज दुरुस्तीला बसणाऱ्यावर होतो. पहिली गोष्ट, संच एकदम मेन्सला लावू नये. वर्षानुवर्षे पडून राहिल्यावर वीज गाळणाऱ्या फिल्टर कंडेन्सरमधील ॲल्युमिनियमवरचा ऑक्साइडचा थर क्षीण होतो. पूर्ण २३० व्होल्ट मिळताच तो कंडेन्सर शॉर्ट होऊन रेक्टिफायर (वीज सरळ करणारा व्हॉल्व्ह) आणि ट्रान्सफॉर्मर दोन्ही घेऊन जातो. साठ किंवा शंभर वॉटचा बल्ब मालिकेत जोडून किंवा डिमरस्टॅटने (व्होल्टेज कमी-जास्त करणाऱ्या साधनाने) हळूहळू व्होल्टेज चढवले, तर आत काय चालले आहे ते कळते : बल्ब भगभगून पेटला की हात मागे घ्यावा. त्याहून घातक असतो तो मेणकागदाचा छोटा कंडेन्सर, जो स्पीकर हलवणाऱ्या आउटपुट व्हॉल्व्हच्या जाळीकडे संकेत नेतो. नाशिकच्या पावसाळ्यांनी त्याच्यात ओल शिरलेली असते. तो थोडा जरी गळू लागला तरी जाळीवर धन व्होल्टेज चढते, ईएल८४ चे पत्रे लाल होतात आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो. हा एक भाग मी न मोजताच बदलतो. मूळ दिसणे जपायचे असेल तर जुने कवच पोकळ करून नवा फिल्म कंडेन्सर आत बसवता येतो. व्हॉल्व्ह मात्र सरसकट बदलू नयेत. काचेच्या माथ्यावरचा चंदेरी डाग चकचकीत असेल तर निर्वात टिकून आहे, पांढरा पडला असेल तर हवा शिरली आहे. ईएल८४ अजूनही बनतो, कारण गिटारच्या अँप्लिफायरला तो लागतो. ईसीएच८१ साठी जुना साठाच धुंडाळावा लागतो.

कॅबिनेटचे काम सुताराला द्यावे, पण चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून हाताने फ्रेंच पॉलिश करणारा शोधावा. आजचे चकचकीत मेलामाइन त्या काळच्या लाकडावर परके दिसते.

राहिला ‘मूळ’चा प्रश्न. कारखान्यातून निघाला तो दिवसच खरा मानला, तर सॉकेट बदललेला, हाताने गुंडाळलेला, दोरी बदललेला सारा भाग उखडावा लागेल. सुरक्षिततेला बाध येत नसेल तर मी तो तसाच ठेवतो, कारण त्या संचाची नाशकातली वर्षे त्या भागातच आहेत. चासीच्या कडेला, पाठीमागच्या पुठ्ठ्यावर किंवा स्पीकरच्या चौकटीवर दुरुस्ती करणारे शिसपेन्सिलीने तारीख आणि बदललेल्या भागाचे नाव लिहून ठेवीत. धूळ झटकण्याआधी विजेरी तिरपी धरून त्या जागा पाहाव्यात आणि छायाचित्र काढून ठेवावे. स्पिरिटचा बोळा एकदा फिरला की ती अक्षरे पुन्हा दिसत नाहीत.