ठराव दिला म्हणजे प्रस्ताव दिला असं होत नाही

डिसेंबरात नागपूरला अधिवेशन भरलं की आमच्या भागातल्या ग्रामपंचायतींच्या पिशव्या तिकडे निघतात. पिशवीत ठरावाच्या नकला, वर निवेदन, आणि परतताना निवेदनाच्या झेरॉक्सवर आवकचा शिक्का. गावात येऊन सांगायचं, "प्रस्ताव टाकून आलो." सव्वीस वर्षं ग्रामसेवकी केली, या वाक्यानं कान किटले. काही जण ती पोच लॅमिनेट करून ग्रामपंचायतीत लावतात. पेपरवालेही कमी नाहीत. "प्रस्ताव धूळ खात पडून" असा मथळा देतात आणि आत वाचावं तर धूळ खाणारा असतो एकपानी ठराव.

ठराव काय असतो हे तुम्हाला माहीत आहे. सूचक, अनुमोदक, "सर्वानुमते मंजूर", खाली सह्या. मासिक सभेचा वेगळा, ग्रामसभेचा वेगळा, ग्रामसभेचा वजनदार. निवेदन म्हणजे विनंतीचं पत्र, ते कुणीही देऊ शकतं. यावर जास्त वेळ घालवत नाही.

लोक अडखळतात ते पुढे. ठराव गावाची इच्छा सांगतो. प्रस्ताव हा असा कागद, की टेबलावरच्या बाबूला त्यावर टिपणी लिहिता आली पाहिजे. टिपणीसाठी त्याला चार गोष्टी लागतात: काम नेमकं कुठून कुठपर्यंत, खर्च किती (अभियंत्याच्या सहीचं अंदाजपत्रक), जागा कुणाची (सातबारा किंवा गावठाणातल्या मालमत्तेचा नमुना ८), आणि पैसा कोणत्या हेडमधून, म्हणजे सरकारी खर्चाच्या कोणत्या लेखाशीर्षातून मागताय. शिवाय हेच काम दुसऱ्या योजनेतून घेतलेलं नाही, असा दाखला. यातलं एक जरी नसेल तर साहेब कितीही चांगला असो, तो 'हो' म्हणणार कशाला?

हेडचं तर कुणी विचारतच नाही. गावातला सिमेंट रस्ता, सभामंडप लोकप्रतिनिधींमार्फत पंचवीस-पंधरा (२५१५) या हेडमधून येतो. ग्रामीण रस्त्याची दुरुस्ती तीस-चोपन्नमध्ये, नवं बांधकाम पन्नास-चोपन्नमध्ये. पांदण, म्हणजे शेतात जाणारा रस्ता, माझ्या वेळी मनरेगातून (रोजगार हमीतून) यायचा, मजुरी आणि साहित्यावरचा खर्च ६०:४० सांभाळून; २०२१ मध्ये मातोश्री पाणंद योजनेची जोड मिळाली. आणि एकाच ठरावात पांदण, स्मशानभूमी, शाळेची खोली आणि हायमास्ट अशा चौदा मागण्या कोंबू नका हो. चारही टेबलं वेगळी आहेत. मी एका कामाला एक ठराव क्रमांक, याच मताचा.

एक सरपंचताई पांदण रस्त्यासाठी माझ्याकडे आल्या. "आमी त चार वर्सं झाले ठराव देऊन राह्यलो ना साहेब, मंग?" प्रोसिडिंग, म्हणजे सभेच्या इतिवृत्ताची वही, उघडलं. चार वर्षांचे चार ठराव, शब्दाला शब्द तोच; 'करण्यात'चं 'करन्यात' झालं होतं, तेही चारही वेळा उतरवलेलं. विचारलं, रस्ता कुठून कुठे? म्हणाल्या, सगळ्यांना माहीतच आहे. मला नव्हतं. पंचायत समितीतल्या बाबूला तर नव्हतंच.

आम्ही कनिष्ठ अभियंत्याला घेऊन गेलो. पाऊस नुकताच उघडलेला, काळ्या मातीनं चपला दोन-दोन किलोच्या झालेल्या. नाल्यापासून महादेवाच्या देवळापर्यंत टेप लावला तर १,१४० मीटर भरले. आणि मधेच दोघांची तूर थेट रस्त्यात उभी! चार ठरावांत त्या तुरीचा उल्लेख नाही. एकानं संमतीपत्रावर लगेच सही केली. दुसरा म्हणाला, तूर निघू द्या. ती निघाली, सही झाली, अंदाजपत्रक लागलं, तेव्हा कुठे फेब्रुवारीत प्रस्ताव गेला. मनरेगाचा पुढचा आराखडा ग्रामसभेनं आधीच मंजूर केलेला, त्यात हे काम नाही. गेलं आणखी एक वर्ष.

म्हणून २६ जानेवारीच्या ग्रामसभेत मागण्या मांडणाऱ्यांना मी हात जोडतो. जिल्हा नियोजन समितीचं काम असो, तरी जानेवारी-फेब्रुवारीत जिल्ह्याच्या आराखड्याच्या राज्यस्तरीय बैठका सुरू असतात आणि मार्चमध्ये अर्थसंकल्प. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ठराव घ्या, तोही मोजणी आधी करून.

ठराव म्हणजे नुसती रद्दी, असं मात्र कुणी माझ्या नावावर खपवू नये. गडचिरोलीत मेंढा-लेखा या गावाला २००९ साली वनहक्क कायद्यानं सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. त्या जंगलातला बांबू कसा तोडायचा, हे ग्रामसभा ठरवते, आणि तिथं ठराव हाच निर्णय. जे आपल्या हातात आहे त्यावर ठराव पुरतो. मुंबईच्या किंवा जिल्ह्याच्या तिजोरीतून मागायचं असेल तर तो प्रस्तावाच्या फायलीतला एक कागद, आणि तोही सहसा सर्वांत सोपा.

ताईंची पांदण पुढच्या आराखड्यात बसली. त्यानंतरच्या ग्रामसभेला मी मागे बसलो होतो. एक आजोबा उठून म्हणाले, स्मशानभूमीच्या शेडचा ठराव घेऊन टाका. सूचक, अनुमोदक बसल्याजागी मिळाले. ताईंनी पेन उचललं आणि विचारलं, "आजोबा, त्या जागेचा सातबारा कोणाच्या नावावर हाये?"